इथिओपियन हॉटेलात आई-बाबांना घेऊन गेलो : एका ताटातलं जेवण, इंजेरा, शिरो... तुमचेही अनुभव लिहा

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही मेरीलँडमधे राहतो, सिल्व्हर स्प्रिंग गाडीने पंधरा मिनिटांवर. वॉशिंग्टन डीसीच्या आजूबाजूला इथिओपियन लोक खूप आहेत. १९७४ साली तिकडे सम्राट हैले सेलासींची सत्ता उलथली, मग लष्करी राजवट आली आणि त्यानंतर जी माणसं देश सोडून निघाली त्यातली पुष्कळ इथे येऊन राहिली, त्यामुळे सिल्व्हर स्प्रिंगमधे दोन-चार गल्ल्या चाललं तरी अम्हारिक अक्षरांच्या पाट्या, त्यांची किराणा दुकानं, छोटी छोटी हॉटेलं दिसतात. मी आणि नवरा बऱ्याचदा जातो. पण आई-बाबांना न्यायचं धाडस इतके दिवस होत नव्हतं.

आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मे महिन्यात आल्यापासून तिला दोनतीन ठिकाणी नेलं, सगळीकडे चीज आणि कच्चा पाला, बिचारी घरी येऊन दहीभात खायची. बाबा काहीही खातात पण आई जेवली नाही की त्यांनाही घास उतरत नाही. शेवटी गेल्या शुक्रवारी नेलंच.

हॉटेल अगदी साधं आहे. आठ-दहा टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर त्यांची गाणी चालू, दाराजवळ दोन-तीन टॅक्सीवाले कॉफी पीत बसलेले. चालवणारी बाई पन्नाशीची असेल, आम्ही तिला मावशीच म्हणतो. बाबा आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होते, ते आल्या आल्या मेनूकार्ड घेऊन त्या अक्षरांकडेच बघत बसले. मावशीने भिंतीवरचा मुलांचा तक्ता दाखवला, ३३ मूळ अक्षरं आणि प्रत्येकाची स्वर बदलून ७ रूपं. बाबा एकदम खुलले, म्हणाले अगं ही तर बाराखडी आहे. मग त्यांनी तिला मलिक अंबरचं सांगितलं. आम्ही संभाजीनगरचे, लहानपणापासून मलिक अंबरने शहराला पाणी आणायला बांधलेल्या नहर-ए-अंबरीबद्दल ऐकत आलोय. १६१० मधे ज्याने खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं, तो माणूस तुमच्या देशात जन्मला आणि आमच्या खुलताबादला त्याची कबर आहे. तिला हे माहीत नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. आपण हबशी म्हणतो ना, ते स्वतःला हबेशा म्हणतात, हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आम्ही चौघांत एक 'येत्सोम बेयाइनेतू' मागवलं. त्सोम म्हणजे उपास आणि बेयाइनेतू म्हणजे सगळ्या प्रकारचं थोडं थोडं. घरातल्या परातीएवढं मोठं ताट आलं, त्यावर पूर्ण पसरलेली इंजेरा, म्हणजे टेफ नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ आंबोळी, आणि तिच्यावर गोलाकार भाज्या-डाळी वाढलेल्या. मसुराची लालभडक मिसिर वोट, हळदीतली पिवळी किक अलिचा, गोमेन म्हणजे पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची भाजी, मोहरीचा झणका असलेली गार हिरव्या मसुराची आझिफा, आणि मधोमध छोट्या मातीच्या भांड्यात रटरटणारा शिरो. बाजूला गुंडाळलेल्या इंजेरा वेगळ्या.

आईचा हात तिथेच थांबला. हळूच मला म्हणाली, "सगळ्यांनी एकाच ताटात? उष्टं नाही का होणार?" आमच्याकडे आजीच्या वेळेपासून हे फार पाळलं जातं, आई स्वतः वाढताना डावही ताटाला लागू देत नाही. मी वेगळी ताटली मागवणारच होते. तेवढ्यात मावशी तांब्यासारखं भांडं आणि घंगाळ घेऊन आली आणि एकेकाच्या हातावर पाणी घातलं. मग तिनेच सांगितलं की आपल्यासमोर जे आहे तेवढंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, फक्त उजवा हात, इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी धरून तोंडात टाकायची, बोटं चाटायची नाहीत, बोटं तोंडाला लावायचीच नाहीत. आईने नीट ऐकून घेतलं. पहिला तुकडा शिरोत बुडवला. "अगं हे पिठलंच आहे!" मग तिने जे जेवायला सुरुवात केली ते मी इथे आल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

शेवटी मावशी परत आली, तिने स्वतःच्या हाताने मिसिरचा एक मोठा घास बांधला आणि थेट आईच्या तोंडाशी नेला. याला गुरशा म्हणतात, प्रेमाने भरवलेला घास, आणि घास जेवढा मोठा तेवढं प्रेम जास्त. मला वाटलं आता आई मागे सरकणार. आईने तोंड उघडलं.

गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लग्नात यांनी घास भरवला तो, त्यानंतर मला कुणी भरवलं नव्हतं, मीच सगळ्यांना भरवत आले.

तर मंडळी, आम्हाला परत जायचंय आणि काही गोष्टी विचारायच्यात. उपासाच्या ताटात खरंच तूप-लोणी काही नसतं का? इंजेरा घरी जमते का कुणाला? आणि तुम्ही कुठे कुठे खाल्लंय, काय आवडलं ते पण लिहा.

सातपुडा

घास भरवलेला प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं. आई-बाबांना नमस्कार सांगा.

रानजाई

अबोली, मस्त लिहिलंयस. आम्ही अदिस अबाबाला तीन वर्षं होतो, नवऱ्याची नोकरी होती, त्यामुळे या विषयावर मी कितीही बोलू शकते :)

तुपाचं आधी सांगते. त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासात प्राण्यापासून आलेलं काहीच चालत नाही, मांस अंडी दूध लोणी तूप सगळं बंद, स्वयंपाक तेलात. दर बुधवार आणि शुक्रवार हा उपास असतो, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवसांचा मोठा, ऑगस्टमधे फिल्सेता, नाताळच्या आधी वेगळा, सगळे धरले तर नेमाने पाळणाऱ्या माणसाचे वर्षातले निम्मे दिवस उपासाचे होतात. म्हणूनच त्यांच्याकडे बिनतुपाच्या डाळी-भाज्यांचं एवढं वैभव आहे, शतकानुशतकं बायकांनी उपासाच्या दिवशी घरच्यांना चवीचं काय घालायचं याचा विचार करून ते उभं केलंय. आपल्याकडे साबुदाणा-वरई-रताळं हे जसं उपासाचं म्हणून एक वेगळं खातं झालं तसंच, फक्त त्यांच्याकडे उपासाला धान्य चालतं आणि दूध चालत नाही, बरोबर आपल्या उलटं. माझ्या सासूबाई तिकडे आल्या होत्या तेव्हा शेजारीण आणि त्या यावर तासभर बोलल्या होत्या, मधे मी दुभाषी.

पण एक लक्षात ठेव, उपासाचा वार नसेल तर शिरोत 'नितिर किब्बे' घालतात, म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. आई तूप खातात त्यामुळे त्यांना प्रश्न नाही, पण कुणी वीगन असेल तर नुसतं शाकाहारी म्हणू नका, 'येत्सोम' म्हणून सांगा, लगेच कळतं.

आणि कॉफी प्यायलात की नाही? नसेल तर पुढच्या वेळी वेळ काढून जा आणि आधी फोन करून सांगा. हिरव्या बिया धुऊन तुमच्यासमोर लोखंडी तव्यावर भाजतात, धूर यायला लागला की तो तवा सगळ्यांच्या नाकाशी फिरवतात, प्रत्येकाने हाताने धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा आणि छान म्हणायचं. मग कुटून जेबेनामधे उकळतात, जेबेना म्हणजे लांब मानेचा काळा मातीचा कुजा. बाजूला निखाऱ्यावर ऊद जळत असतो. बिनकानाच्या बारक्या कपांत ओततात आणि सोबत लाह्या. तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना आणि बेरेका, पहिली कडक आणि पुढची पुढची पातळ, पण तिसरी न घेता उठणं बरं दिसत नाही कारण बेरेका म्हणजे आशीर्वाद. आमची शेजारीण कपात एक हिरवी काडी घालायची. मी वास घेतला आणि थबकलेच. सताप! आमच्या अंगणात होती, बाळाला वाऱ्याचं काही झालं की आजी पानं चुरून हुंगायला द्यायची. ते लोक तिला 'तेना आदाम' म्हणतात, आदामाचं आरोग्य.

निळा_डोंगर

ही सतापची माहिती भारी आहे. आमच्या गावाकडे अजून दाराशी असते.

ओवी२०

अबोली ताई, तुमचा लेख आवडला पण मी थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका. मला एका ताटात जेवणं अजिबात जमत नाही. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते, आठ माणसं आणि दोन ताटं, त्यातल्या निम्म्यांना हाताने जेवायची सवयच नाही, एकाने बोटं चाटली आणि तोच हात परत डाळीत. मी उपाशी उठले. यात मला कुणाच्या संस्कृतीला कमी लेखायचं नाहीये, पण आपल्याला लहानपणापासून उष्टं-खरकटं शिकवलंय ते स्वच्छतेसाठीच ना, मग ते सोडून का द्यायचं?

अबोली

ओवी२०, राग कशाला, माझ्या आईचाही हाच प्रश्न होता. तुम्हाला जे दिसलं त्याने मीही उठले असते. मला फक्त एवढंच जाणवलं की नियम त्यांच्याकडेही आहेत आणि ते आपल्यासारखेच कडक आहेत. बोट तोंडाला लावायचं नाही, दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही, डावा हात लावायचा नाही, जेवायच्या आधी हात धुतल्याशिवाय बसायचं नाही. तुमच्या ग्रुपमधल्या माणसांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. हात धुवायला भांडं घेऊन कुणी आलं होतं का?

ओवी२०

नाही. गर्दी होती, वाढणारी मुलगी एकटी होती. कुणी काही सांगितलं नाही हे खरंय.

रानजाई

ओवी२०, वेगळी ताटली बिनधास्त मागा, कुणाला वाईट वाटत नाही, तिकडेसुद्धा ऑफिसच्या वेळेत एकटी माणसं आपापल्या ताटलीत जेवून जातात. पण एका ताटात कुणाबरोबर बसायचं हे तिथेही बघितलंच जातं. घरचे, मित्र, ज्यांच्याशी जमतं ते. आमची शेजारीण भांडण झालं की जावेबरोबर ताटाला बसायची नाही आणि ती बसली की सगळ्या गल्लीला कळायचं मिटलं म्हणून.

पांढरा_रस्सा

शाकाहारी मंडळींचं झालं असेल तर आमच्या बाजूनेही थोडं लिहितो. दोरो वोट खाल्ल्याशिवाय इथिओपियन जेवण झालं असं मी मानत नाही. कोंबडीचा दाट लालकाळा रस्सा, त्यात सबंध उकडलेलं अंडं. बर्बेरे नावाचा मसाला असतो त्यांचा, आपल्या कांदा-लसूण मसाल्यासारखा घरोघरी वर्षाचा करून ठेवतात, मिरच्या वाळवून, लसूण-आलं, मेथी, ओवा, आणि कोरेरिमा म्हणून त्यांची एक वेलची असते ती. खरी मेहनत कांद्याची. ढीगभर कांदा अगदी बारीक चिरून बिनतेलाचा, नुसता, मंद आचेवर तासभर हलवत बसायचा, त्याचं पाणी आटून तो विरघळतो आणि मग तूप नि बर्बेरे. रश्श्याला दाटपणा येतो तो त्या कांद्याने, खोबरं नाही, दाण्याचं कूट नाही. मी कोल्हापूरचा, तांबड्या रश्श्याचं मला कुणी सांगायला नको, पण त्या कांद्यापुढे मी मान तुकवली.

एक महत्त्वाची सूचना. डुक्कर त्यांच्याकडे मिळणार नाही, ख्रिश्चन असोत की मुसलमान दोघेही खात नाहीत. पण गाईचं मांस भरपूर असतं आणि मेनूवर नुसतं तिब्स (परतलेलं मांस) किंवा वोट (रस्सा) लिहिलेलं असलं तर बहुतेक वेळा तेच असतं. 'सिगा' शब्द दिसला की ते. आपल्यातले जे खात नाहीत त्यांनी दोरो म्हणजे कोंबडी किंवा 'बेग' म्हणजे मेंढी असं नाव घेऊन मागवा. कितफो म्हणजे कच्च्या खिम्याला मसालेदार तूप आणि मितमिता नावाचं झणझणीत तिखट चोळलेलं, तेही गाईचंच. आणि एकाच ताटात शाकाहारी-मांसाहारी एकत्र मागवलंत तर सगळं एकाच इंजेरावर येतं, रस एकमेकांत उतरतो, म्हणून घरात शाकाहारी माणूस असेल तर ताट वेगळंच घ्या. माझ्या बहिणीला हे आधी कळलं नाही, तिचं जेवण वाया गेलं, मला अजून वाईट वाटतं.

मृगधारा

ग्लुटेनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, हे कृपा करून नीट वाचा. मला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीत असणारं ग्लुटेन शरीराला अजिबात चालत नाही. टेफ धान्यात ग्लुटेन नसतं हे खरं, म्हणून इथिओपियन जेवण म्हणजे बिनघोर असं सगळीकडे सांगतात. मी अशीच एका हॉटेलात गेले, विचारलं इंजेरा टेफची आहे ना, हो म्हणाले. मनसोक्त खाल्लं, सात वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी मला सगळ्यांबरोबर एका ताटात बसवलं होतं. त्या रात्रीपासून चार दिवस मी अंथरुणात. परत जाऊन विचारलं तेव्हा कळलं की टेफ होतीच, पण निम्मं गव्हाचं पीठ मिसळलेलं. ते खोटं बोलले नव्हते, माझा प्रश्न अपुरा होता. टेफ महाग पडतं आणि मिसळीची इंजेरा मऊ लुसलुशीत होते म्हणून बाहेरच्या देशांत बरेच जण गहू नाहीतर बार्ली घालतात.

तेव्हा विचारताना 'पूर्ण टेफची, गहू-बार्ली काही नाही' असं विचारा. बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर करून देतात, थोडे जास्त पैसे घेतात. आता मी जिथे जाते तिथल्या काकू माझ्यासाठी वेगळ्या घड्या बाजूला काढून ठेवतात, ताटही वेगळं. रंग गडद तपकिरी आणि आंबटपणा जास्त, पण मला तीच आवडते.

अबोली

मृगधारा, बापरे. हे माहीतच नव्हतं. माझ्या भाच्याला हाच त्रास आहे, बरं झालं लिहिलंत.

हर्षू_पुणे

इंजेरा घरी जमते! पण मला सहा महिने लागले. बहीण अमेरिकेतून टेफचं पीठ घेऊन आली होती, तिकडे आयडाहोत टेफ पिकतं म्हणे. दाणा खसखशीपेक्षा बारीक.

दोन वाट्या पीठ, तीन वाट्या पाणी, हाताने कालवून झाकून ठेवायचं. त्यांच्याकडे आधीच्या पिठावर आलेलं पिवळसर पाणी राखून ठेवतात, 'इर्शो' म्हणतात, विरजणासारखं, ते घातलं की लवकर आंबतं. माझ्याकडे नव्हतं त्यामुळे तीन दिवस लागले, पुण्यात उन्हाळ्यात दोन. वर आलेलं पाणी ओतून काढायचं, त्यातलं थोडं पुढच्या वेळेसाठी ठेवायचं. आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. आंबलेल्या पिठातलं एक पळी पीठ घेऊन पाण्यात शिजवायचं, खळीसारखं घट्ट होईपर्यंत, गार करून परत पिठात मिसळायचं आणि बुडबुडे येईपर्यंत थांबायचं. याला 'अबसित' म्हणतात. हे केलं नाही तर इंजेरा फाटते, मी पहिल्या चार वेळा फाडल्या.

तवा चांगला तापवायचा, तेलाचा थेंब नाही. घावन घालतो तसं बाहेरच्या कडेने सुरू करून गोल गोल आत यायचं. वर भराभर भोकं पडतात, त्यांना ते डोळे म्हणतात, आणि इंजेरा चांगली की वाईट हे डोळ्यांवरून ठरतं. सगळीकडे डोळे उघडले की झाकण, एक-दीड मिनिट वाफ, कडा सुटली की झालं. उलटायची नाही. काढून सुती फडक्यावर पसरायची, गरम गरम एकावर एक ठेवलीत तर चिकटून गोळा होतो. आंबोळी ज्यांना येते त्यांना हात बसायला वेळ लागणार नाही.

शिळी इंजेरा टाकू नका. तुकडे करून कांदा-बर्बेरेच्या रसात परतायची, फिरफिर म्हणतात. आपली फोडणीची पोळीच, न्याहारीला तीच करतात.

आणि टेफ नसेल तर ज्वारीच्या पिठाची करून बघा. त्यांच्याकडेही टेफ परवडत नाही तिथे ज्वारी, मका, बार्लीची इंजेरा होतेच. माझी ज्वारीची थोडी ठिसूळ झाली पण शिरोबरोबर छान लागली.

काळी_माती

ज्वारीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलो, आता गावी शेती करतो, सांगोल्याकडे. इथिओपियन हॉटेल मी आयुष्यात बघितलं नाही पण त्या देशाचं देणं आमच्या शेतात रोज बघतो.

ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेची, सुदान-इथिओपियाच्या पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, इथिओपियात तिला दागुसा म्हणतात आणि अजून पिकवतात. ही दोन्ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी समुद्रावरून इकडे आली. म्हणजे आपली भाकरी ज्या धान्याची त्याची आजी तिकडची. आणि सगळ्यात जवळचं म्हणजे कारळे. कारळ्याचं शास्त्रीय नावच गायझोशिया अॅबिसिनिका, अॅबिसिनिया म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव. ते त्याला नूग म्हणतात, तेल काढतात, उपासाच्या स्वयंपाकात वापरतात. जवस आणि करडईही तिकडे खातात, जवसाला तेल्बा आणि करडईला सूफ म्हणतात, वाटून पाण्यात कालवून इंजेराचे तुकडे त्यात भिजवून खातात. आमच्या आईच्या फळीवर कारळे, जवस आणि तीळ अशा चटण्यांच्या तीन बरण्या कायम असतात. तिकडच्या घरातही बहुधा यातली दोन धान्यं असणारच.

अबोली ताई, आईंनी सोबत चटणी आणली असेल तर एकदा त्या बाईंना दाखवून बघा.

रानजाई

काळी_माती, नूग! हो हो. बाजारात काळे चकचकीत दाणे बघून मी शेजारणीला हे आमच्याकडे पण मिळतं म्हटलं होतं, तिला पटलंच नव्हतं.

सातपुडा

दादा, आमच्याकडे खुरासणी म्हणतात. तीच ना?

काळी_माती

हो तीच.

पांढरा_रस्सा

हे वाचून मी बहिणीला फोन केला. तिच्या घरी कारळ्याची चटणी तयार आहे, पुढच्या वेळी घेऊन जाणार.

अबोली

मंडळी, काल बुधवार होता, परत जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, सविस्तर लिहिते.

आईने येताना कारळ्याची चटणी आणली होतीच, अर्धी बरणी शिल्लक होती. तिने ती स्टीलच्या छोट्या डब्यात भरली, वर कागद लावून झाकण घट्ट केलं. ओवी२० नाही का म्हणाल्या गर्दीचं, म्हणून आम्ही मुद्दाम दुपारी तीनला गेलो, हॉटेल रिकामं होतं. आईने डबा पुढे केला आणि मराठीतच म्हणाली, "घरची आहे, बघा." मावशीने झाकण काढलं, नाकाशी नेलं आणि तिची नजर थांबली. चिमूट घेऊन जिभेवर ठेवली.

"नूग?"

आई म्हणाली, "कारळे." मावशी म्हणाली, "नूग." दोघी दोन-तीनदा एकमेकींना असंच म्हणत राहिल्या. मग मावशीने आतून स्वयंपाक करणाऱ्या बाईला हाक मारली, तिनेही चाखली, तिला लसूण कळला आणि सुकं खोबरं कळलं नाही, ते मी सांगितलं. मावशी म्हणाली तिची आई नूग भाजून मध घालून लाडूसारखं काहीतरी करायची, इथे येऊन तीस वर्षांत तिने ते खाल्लेलं नाही. ती मग आईला हात धरून आत घेऊन गेली. मला बाहेर थांबवलं. पंधरा मिनिटांनी आई बाहेर आली ती हातात बर्बेरेचा डबा घेऊन, म्हणाली यात ओवा आहे, मेथी आहे, आणि एक वेलदोड्यासारखं आहे ते मला ओळखता आलं नाही. पांढरा_रस्सा, तुमची कोरेरिमा! ओव्याला ते 'नेच अझमुद' म्हणतात, आईने पाठ करून ठेवलंय.

यावेळी ताटावर आईने स्वतःच मधे बसून सगळ्यांच्या बाजूला शिरो सारला. आमच्या ताटाच्या तळाची इंजेरा, सगळ्या डाळी-भाज्यांचा रस शोषून घेतलेली, मी दरवेळी तशीच टाकून उठायचे. मावशीने टाकू दिली नाही, म्हणाली खरं जेवण तेच. आईला पटलं, रश्श्यात मुरलेल्या भाकरीसारखं लागतं म्हणाली, आणि शेवटचे तीन घास तिने बांधले, एक बाबांना, एक नवऱ्याला, एक मावशीला. मावशी चांगलीच वाकली तो घ्यायला कारण आई बसलेली होती.

कॉफी पण झाली, रानजाई. तीन फेऱ्या पूर्ण केल्या. सताप नव्हती पण लाह्या होत्या आणि ऊदही होता. बाबांनी भाच्याला सांगून खुलताबादच्या कबरीचे फोटो मागवले होते, ते त्यांनी मावशीला फोनवर दाखवले, तिने ते अदिसला तिच्या भावाला लगेच पाठवले.

मृगधारा, विचारलं. त्यांच्या इंजेरात बार्ली असते, पण आदल्या दिवशी सांगितलं तर पूर्ण टेफची करून देतात. हर्षू, इर्शो मागितला, छोट्या बाटलीत भरून दिलाय, फ्रिजमधे ठेवलाय, आई गेल्यावर मी करून बघेन.

रविवारी आई-बाबांचं परतीचं विमान आहे. बॅगेत दोन किलो बर्बेरे आहे, आईने त्याला तीन पिशव्या गुंडाळल्यात तरी सगळ्या कपड्यांना वास लागलाय. डबा मावशीकडेच राहिलाय, चटणी संपली की घेऊन जा म्हणाली.